'जातील दुसरीकडे' म्हणण्याआधी पाय बघा

नवी मुंबईतल्या पाणथळ जागा राखाव्यात की बांधकामाला द्याव्यात, हा वाद इथे नेदरलँड्समध्ये बसून वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: "पक्षीच ते, जातील दुसरीकडे." नेरुळच्या डीपीएस तळ्याबद्दल ते म्हटलं गेलं, एनआरआय आणि टीएस चाणक्यच्या तळ्यांबद्दल आणि उरणच्या पाणजेबद्दलही. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून त्या वाक्याला प्रवाशांच्या सुरक्षेचीही जोड मिळाली आहे: पक्षी विमानाला धडकतील. समोरची बाजू उत्तरादाखल फ्लेमिंगोंचा आकडा पुढे करते: लाख, सव्वा लाख. त्यावर पहिली बाजू विचारते, एवढे आहेत ना, मग एक तळं गेलं तर काय बिघडलं? आणि खरं सांगायचं तर नुसत्या आकड्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही.

एका उदाहरणाने बघू. एका भरतीला तळ्यावर ४०० पाणटिवळे (लांब चोचीचे, चिखलात चरणारे पक्षी) मोजले. नोव्हेंबरात ४००, जानेवारीत ४००, मार्चमध्ये ४००. हे तेच ४०० आहेत, की दर पंधरा दिवसांनी नवी तुकडी येते आणि हंगामभरात तीन हजार पक्षी त्या तळ्यावर टेकून जातात? मोजणीला दोन्ही सारखेच दिसतात. तळ्याची किंमत मात्र दोन्हींत पार वेगळी. हा फरक पक्ष्याच्या पायात घातलेली ओळखक्रमांकाची रिंगच सांगते, कारण मग आपण 'किती' सोडून 'कोणता' विचारायला लागतो.

इथे हिवाळ्यात कालव्याच्या कठड्यावर काळ्या डोक्याचे कुरव, म्हणजे सीगल, ओळीने बसतात. (थंडीत डोकं काळं नसतंच, कानामागे एक ठिपका उरतो, पण नाव पडलं ते पडलं.) त्यातल्या एखाद्याच्या पायात रंगीत प्लास्टिकचं कडं असतं, त्यावर तीन-चार अक्षर-अंक, लांबून वाचता येतील एवढे. ते वाचून कळवलं की त्या पक्ष्याची कुंडलीच हाती येते: पिल्लू असताना रिंग कुठे घातली, नंतर तो कोणाला, कधी, कुठे दिसला. या जातीचा पक्षी ३० वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत त्या अशाच जमल्या. हे वाचणारे बहुतेक हौशी असतात: निवृत्त माणसं, शाळकरी पोरं, कुत्रा फिरवायला निघालेले शेजारी.

ठाण्याच्या खाडीत हे होणार नाही असं काही नाही. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १९२७ पासून पक्ष्यांना रिंगा घालते. २०२२ मध्ये सहा फ्लेमिंगोंना उपग्रह टॅगही लावले गेले. पण टॅग महाग आणि मोजके. पाय वाचायला दुर्बीण, चिकाटी आणि पंचांग पुरतं. पंचांग गमतीने म्हटलेलं नाही. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत आत ऐरोलीपर्यंत पाणी चढायला यात पाऊण-एक तास मिळवायचा. नेमक्या मिनिटांसाठी भरतीचं छापील कोष्टक आहेच, पण रविवार निवडायला हा हिशेब पुरतो.

रविवार निवडावा लागतो, कारण मोजणी आणि रिंगवाचन यांना वेगवेगळी भरती लागते. मोजणीला उधाणाची घ्या, पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासची. चिखल पूर्ण बुडतो, पक्ष्यांना पर्याय उरत नाही आणि ते तळ्यांवर, बांधांवर एकवटतात. भांगाच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, चिखलाचा बराच भाग उघडाच राहतो. त्या दिवशी तळं रिकामं दिसलं म्हणून 'इथे पक्षी येत नाहीत' असं लिहिणं ही शुद्ध दिशाभूल आहे. पाहणी अहवाल हाती आला की आधी तिथी बघावी.

वाचनाला मात्र उधाण नको. तेव्हा भरती भर दुपारी येते, ऊन डोक्यावर असतं आणि चिखलावरची हवा अशी थरथरते की ६० पट मोठं करूनही कोडाच्या जागी वळवळणारी रेघ दिसते. दशमी-एकादशी बरी. ऐरोलीला साडेआठ-नऊला पाणी भरतं आणि त्याआधीचा दीड तास सोन्याचा. पाणी पक्ष्यांना हळूहळू काठाकडे ढकलतं आणि तेच पाणी पायांवरचा चिखल धुऊन काढतं. ओहोटीला ज्या पायावर नुसता काळा लेप दिसला, त्याच पायावर आता पांढरा फ्लॅग (रिंगेला असलेली प्लास्टिकची छोटी पट्टी) उघडा पडतो. आणखी अर्ध्या तासाने पाणी पोटाला लागतं, पाय बुडतात, खेळ संपतो. ऐरोली-घणसोलीचा काठ पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे सकाळी ऊन पाठीशी असतं. भांडुप-मुलुंडच्या काठावर दुपारनंतर जावं.

नोंद करताना सर्वाधिक चुका डाव्या-उजव्यात होतात. पाय पक्ष्याचा डावा की उजवा, आपल्याला दिसतो तो नव्हे. पक्षी तोंड आपल्याकडे करून उभा असेल तर सगळं उलटं. मग रिंग सांध्याच्या वर की खाली, कड्याचा रंग, अक्षरांचा रंग. कोड बहुधा खालून वर वाचायचा असतो. B आणि 8, S आणि 5, G आणि 6 यांत गफलत होते, म्हणून एका फोटोवर विसंबू नये. जुनं प्लास्टिक उन्हाने विटतं, लाल नारिंगी दिसायला लागतो, त्यामुळे रंगाबद्दल शंका असेल तर तीही लिहावी. एका पायावर झोपलेला कुरव दुसरा पाय पोटात घेतो. तो खाली येईपर्यंत थांबणं हाच उपाय. धातूची रिंग तर खांबावर, पाइपलाइनवर किंवा जेटीच्या कठड्यावर बसलेल्या पक्ष्याचीच वाचता येते, तीही चार-पाच बाजूंचे फोटो जोडून. तीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नाव असेल किंवा मॉस्क्वा, म्हणजे मॉस्को, लिहिलेलं असेल. अर्धा आकडा मिळाला तरी टाकून देऊ नये.

जात ओळखण्यात आळस नको. ठाण्यात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा हे दोन्ही कुरव मिसळून बसतात आणि बहुतेक याद्यांत सरसकट 'सीगल' होऊन जातात. प्रौढ तपकिरी डोक्याचा अंगाने थोराड, डोळा फिकट, पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कडा पांढरी. पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्याला ना फिकट डोळा असतो ना पांढरे ठिपके, तिथे पंख उघडण्याची वाट बघावी. हा फरक किरकोळ नाही. एक लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवरून येतो, दुसऱ्याचा मुलूख युरोपापासून पूर्व आशियापर्यंत पसरलेला. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई तळ्यावर बर्ड फ्लूने जे पक्षी मेले, त्यांत तपकिरी डोक्याचे कुरवही होते. म्हणूनच मेलेला पक्षी रिंग दिसली तरी उघड्या हाताने उचलायचा नाही. फोटो काढायचा आणि वन विभागाला कळवायचं. इथे २०२३ च्या वसंतात काळ्या डोक्याचे कुरव मोठ्या संख्येने मेले, तेव्हा हाच नियम होता.

इथलं सगळं उचलून तिथे नेऊ नये, हेही सांगायला हवं. कालव्याकाठी पाव टाकून कुरव जवळ बोलावणारे रिंगवाचक इथे आहेत. ठाण्याच्या खाडीत बोटीतून शेव-गाठ्या उधळणाऱ्यांना ते आयतंच निमित्त होईल. तळलेलं, मीठ लावलेलं बेसन हे कुरवाचं अन्न नाही. कोणी टाकतच असेल तर आपण पायांचे फोटो घ्यावेत, स्वतः पुडी फोडू नये. पक्षी पकडून रिंग घालणं हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगी असलेल्यांचंच काम आहे आणि तसंच राहावं. वाचायला परवानगी लागत नाही.

आणि माहिती असली म्हणजे पक्षी वाचतो, हाही भ्रम नको. डच लोकांनी २०१५ मध्ये काळ्या शेपटीचा पाणटिवळा राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडला. हीच जात नेरुळच्या तळ्यांवर थंडी काढते. एकेका पक्ष्याचा माग इथे ठेवलेला आहे, आणि तरीही साठच्या दशकात लाखाच्या वर असलेल्या जोड्या आज तिसऱ्या हिश्शाहून कमी उरल्या आहेत. पण रिंगांनी एक गोष्ट केली: पळवाट बंद केली. मोठे पक्षी आफ्रिकेतून बऱ्यापैकी परत येतात, कमी पडतात ती इथली पिल्लं, हे त्यांतूनच दिसलं. निचरा केलेली कुरणं आणि लवकर होणारी गवतकापणी यांचा दोष परदेशावर ढकलायला जागा राहिली नाही.

नवी मुंबईत नेमकं हेच नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) २०२२ चा, पण भरतीला पक्षी ज्या तळ्यांवर येतात ती नेरुळची तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर. २०२४ मध्ये डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायचं थांबलं, तळं सुकलं आणि फ्लेमिंगो मेले. उरलेले कुठे गेले? २० मे च्या रात्री घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले. ते या तळ्यावरून हुसकलेले होते, असं एका बाजूने सांगितलं, दुसरीने नाकारलं. त्या पक्ष्यांचे पाय आधीच्या हंगामात तळ्यावर वाचलेले असते, तर निदान बोलायला काही हाताशी असतं. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळं संवर्धन राखीव करायला मान्यता दिली, ते चांगलंच झालं. पण तिथली उघाडी (भरतीचं पाणी तळ्यात येण्याची वाट) पुन्हा बुजली तर पक्षी कुठे जातात, हे सांगायला आजपासून नोंदी हव्यात.

त्या नोंदीत एक रकाना बहुतेक जण विसरतात: किती पाय तपासले. ४०० कुरव बसले होते, त्यांतल्या १५० चे दोन्ही पाय नीट दिसले, रिंग एकही नाही. हे लिहून ठेवायचं. पुढच्या एकादशीला त्याच तळ्यावर १५० पायांच्या जोड्यांत दोन रिंगा सापडल्या, तर त्या दोनला अर्थ येतो तो या शून्यामुळे.