थेट डेटाबेस का जोडत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वाचनालयाच्या थकबाकीदार सभासदांना पत्रं काढताना मी डेटाबेसमधली यादी आधी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीत) काढतो आणि मग ती वर्डच्या मेल मर्जला, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावं आपोआप भरण्याच्या सोयीला, जोडतो. तुमचं म्हणणं असं, की हा वळसा उगाच आहे. वर्ड ओडीबीसीने (प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातल्या दुव्याने) थेट मायएसक्यूएलला, म्हणजे यादी जिथे आहे त्या डेटाबेसला, जोडता येतो. आणि फाइल काढायचीच तर एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून सेव्ह केली की झालं. शिवाय पत्त्यांच्या लेबलांबद्दल मी अवाक्षरही काढलं नाही.

थेट जोडता येतं, खरंय. ऑफिस ३२ बिटचं असेल तर ड्रायव्हर ३२ चा, ६४ चं असेल तर ६४ चा, एवढं जमवलं की चालतं. पण असं जोडलेलं पत्र प्रत्येक वेळी उघडताना वर्ड क्वेरी (डेटाबेसकडे यादी मागणारी आज्ञा) नव्याने चालवतो. समजा, काल २०० पत्रं छापून झाली आणि टोनर संपला. आज सकाळी त्या दोनशेतल्या तिघांनी पैसे भरले आणि यादी तीन ओळी वर सरकली. तुम्ही २०१ पासून छपाई सुरू केलीत, की तीन सभासद मधल्या मध्ये गळाले. कोण गळाले, हेही कळत नाही! फाइल काढून ठेवली तर त्या दिवशीची यादी तशीच राहते, आणि ‘मला नोटीस आलीच नाही’ म्हणणाऱ्यापुढे ठेवायला काहीतरी असतं. क्वेरीत क्रम ठरवणारं ‘ऑर्डर बाय’ मात्र हवंच, कारण टेबलातल्या ओळींना स्वतःचा असा क्रम नसतो.

डबल-क्लिकला माझा साफ विरोध आहे. यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) फाइलीच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे ती पद्धत ओळखायची खूण, नसेल, तर विंडोजवरचा एक्सेल ती बहुधा जुन्या कोडपेजने (अक्षरांच्या जुन्या तक्त्याने) वाचतो आणि मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं येतात. हे निदान लगेच दिसतं. खोली क्रमांक ३-४ ची तारीख होते, सभासद क्रमांक ००४७ चा ४७ होतो, ते कोणाच्या लक्षात येत नाही. आणि एकदा सेव्ह केलं की मूळ मजकूर गेला. त्यापेक्षा डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडा आणि डेटा टाइप ओळखू नकोस असं सांगा. लिब्रेऑफिस हे सगळं आपणहून विचारतो.

तुम्ही सुचवलेल्या ‘इंटू आउटफाइल’बद्दलही (क्वेरीचा निकाल थेट फाइलीत लिहिणाऱ्या मायएसक्यूएलच्या आज्ञेबद्दल) सांगतो. त्यात रकान्यांची शीर्षकं येत नाहीत. वर्ड पहिली ओळ शीर्षक धरतो, म्हणजे यादीतल्या पहिल्या सभासदाचं नाव फील्डचं (पत्रातल्या भरायच्या जागेचं) नाव होऊन बसतं आणि त्याला पत्रच जात नाही. रिकाम्या, म्हणजे नल, जागी बॅकस्लॅश आणि एन छापून येतं ते वेगळंच. मायएसक्यूएलच्याच वर्कबेंच या प्रोग्रॅममधून निर्यात केली तर शीर्षकं मिळतात. नल मात्र क्वेरीतच ‘कोअलेस’ने (नलच्या जागी दुसरा मजकूर देणाऱ्या फंक्शनने) भरून घ्या.

तारखा आणि रकमाही तिथेच मजकूर करून टाका. एक्सेलची फाइल जोडली की वर्ड बहुतेक वेळा सेलवर दिसतं ते न घेता आतली किंमत उचलतो; मग ऑल्ट-एफ९ दाबून फील्डचे कोड उघडायचे आणि एकेकाला स्विच (किंमत कशी दाखवायची ते सांगणारी खूण) लावत बसायचं. मराठी महिन्यांसाठी मी १२ ओळींचं छोटं टेबल ठेवलंय, ते जोडलं की ‘५ ऑगस्ट’ तयार मिळतं.

पत्रं वीसच असतील तर खुशाल तुमच्या पद्धतीने करा, एवढा खटाटोप नको.

लेबलांना वेगळी फाइल लागत नाही. हीच जोडा, पहिल्या लेबलात फील्ड बसवा आणि ‘अपडेट लेबल्स’ दाबा. ते विसरलात तर पत्ता फक्त पहिल्याच लेबलावर येतो.