एकोणीस बायका आणि एक राणी

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जॉर्डनच्या राणी रानिया यांच्यावरचा माझा लेख भाबडा आहे, शाळेत जाऊन फोटो काढून घेणं एवढंच त्यांचं काम, आणि नवरा राजा असताना बायकांविरुद्धचे कायदे का बदलले नाहीत, आणि शिकलेल्या मुली घरीच का, असं तुमचं म्हणणं. त्यांच्या उंची कपड्यांवरही टोमणा आहेच. तो सोडून देते. राजाच्या सुटाची किंमत कुणी विचारलेली मला तरी आठवत नाही.

फोटोंचं पटलं नाही. 2008 पासून ‘मदरसती’ (म्हणजे ‘माझी शाळा’) या उपक्रमातून मोडकळीला आलेल्या सरकारी शाळा दुरुस्त झाल्या, 2009 मध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अकादमी निघाली. 2014 चं ‘इद्राक’ मला त्याहून मोलाचं वाटतं. तिथले ऑनलाइन अभ्यासक्रम अरबीत आहेत आणि फुकट आहेत. इंग्रजीपाशी अडलेल्या मुलीला ते घरबसल्या शिकता येतात.

कायद्याचं म्हणाल, तर राणीला तिथे घटनेने कसलाच अधिकार दिलेला नाही. व्यभिचारात सापडलेल्या नात्यातल्या बाईला मारणाऱ्या पुरुषाला सूट देणारं कलम 340 रद्द करायला राजघराण्याचा पाठिंबा होता. कनिष्ठ सभागृहाने ते विधेयक फेटाळलं. फेब्रुवारी 2000 मध्ये राजाचे भाऊ प्रिन्स अली हजारोंच्या मोर्चात चालले, तरी खासदार बधले नाहीत. पुढे 2017 मध्ये बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केलं की शिक्षा टळायची ते कलम 308 गेलं, पण त्याचं श्रेय मी वर्षानुवर्षं झगडलेल्या महिला संघटनांना देईन, राणीला नाही.

मात्र तुमचा एक टोला बरोबर बसला. विद्यापीठांत मुली निम्म्याहून जास्त, आणि नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायका शंभरात जेमतेम पंधरा. मग शिकवून काय झालं? पगार तुटपुंजा, बस वेळेवर नाही, मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न. पूर्वी नियम असा की वीस विवाहित बायका कामावर असल्या, तर मालकाने मुलांसाठी पाळणाघर काढायचं. मग मालक एकोणिसावर का नाही थांबणार? 2019 च्या दुरुस्तीनंतर पुरुष कर्मचाऱ्यांची मुलंही मोजतात. जॉर्डनच्या बाईला आपलं नागरिकत्व परदेशी नवऱ्यापासून झालेल्या मुलांना देता येत नाही, ते तर अजून तसंच आहे.

यातलं काहीच माझ्या लेखात नव्हतं. शाळेच्या दारापाशीच मी लिहायची थांबले होते. पाळणाघराचा परिच्छेद आज जोडते आहे.