बाहुला झकास, पण वेणीवर एकच ओळ?

चीनच्या जुन्या बेयांग आरमाराच्या खलाशाचा १/६ मापाचा बाहुला, त्यावरचा लेख आवडला. बटणं, शिलाई, बूट यांचं कौतुक भरभरून. पाठीवर रुळणारी वेणी मात्र एका ओळीत उरकलीत. छिंग राजवटीत पुरुषांना ती सक्तीचीच होती, जर्मनीत बांधलेल्या ‘डिंगयुआन’ या चिलखती युद्धनौकेवरही सुटका नव्हती. गंमत बघा, बाहुला उंचीला साधारण ३० सेंटिमीटर आणि ‘डिंगयुआन’च्या जर्मन क्रुप तोफांचं तोंड ३०.५! एवढ्या मोठ्या तोफा असून १८९४ साली जपानविरुद्धच्या यालूच्या लढाईत या आरमाराची पाच जहाजं गेलीच. त्यातल्या ‘झियुआन’ जहाजासोबत बुडालेल्या कप्तान देंग शिचांगचं नाव सगळे घेतात. मला हा बिननावाचा गडीच जास्त आवडला. किंमत तेवढी झेपत नाही बुवा.