‘चार कॉल शिका, कुठलंही हार्डवेअर चालवा’ हे खरं नाही

“लिनक्समध्ये सगळं फाइलच असतं. ओपन, रीड, राइट, क्लोज हे चार कॉल, म्हणजे प्रोग्रामने सिस्टिमला करायच्या विनंत्या, आले की कुठलंही उपकरण चालवता येतं.” एम्बेडेड (उपकरणांत बसवलेले छोटे संगणक) शिकणाऱ्या मुलांमध्ये हा दावा सर्रास फिरतो. तो अर्धवट आहे, आणि त्यापायी मुलं प्रोजेक्टमध्ये नाहक अडकतात.

‘प्रत्येक उपकरणाची फाइल असते.’ नसते. सिरियल पोर्टची, डिस्कची, कॅमेऱ्याची असते. नेटवर्क कार्डासाठी मात्र उपकरणांच्या फाइल ठेवणारं डेव्ह फोल्डर पालथं घातलं तरी ‘ईटीएच०’ (नेटवर्क कार्डाचं नाव) सापडणार नाही. तिथे सॉकेट, म्हणजे नेटवर्कवर बोलण्याचा वेगळा मार्ग, लागतं.

‘रीड-राइट पुरेसे आहेत.’ खरी दिशाभूल इथे होते. राइटने बाइट जातात. पण ते ९६०० बॉडने (सिरियल पोर्टचा वेग) जायचे की १,१५,२०० ने, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) हवी की नको, हे राइटने सांगता येत नाही. त्यासाठी आयऑक्टल हा वेगळा कॉल आहे, १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून. सीडीचा ट्रे उघडायचा, टर्मिनलची रुंदी विचारायची, कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन ठरवायचं, सगळं त्यातूनच. सिरियल पोर्टच्या सेटिंग बदलणारं टीसीसेटॲट्र हे फंक्शन वापरताना तो दिसत नाही, पण आत तोच चालतो. प्रोग्रामचे कॉल दाखवणारं एसट्रेस लावून पाहा. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मात्र सिरियल पोर्टच्या कंट्रोल फाइलमध्ये ‘बी९६००’ लिहिलं की वेग बदलायचा. फार सुंदर रचना होती ती, पण लिनक्सने ती अशी घेतलेली नाही.

‘राइट यशस्वी झाला म्हणजे डेटा पोचला.’ राइट परततो तेव्हा बाइट बऱ्याचदा कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातच असतात. ते बाहेर पडेपर्यंत थांबायचं तर टीसीड्रेन हा कॉल वापरावा लागतो. आरएस-४८५ वर (एकाच तारेवर आळीपाळीने पाठवायची-ऐकायची सिरियल जोडणी) दिशा स्वतः बदलणाऱ्याने तो गाळला की शेवटचे बाइट कापले जातात आणि खापर सेन्सरवर फुटतं. नुसता ओपनसुद्धा काहीतरी घडवतो: आर्डुइनो उनो या बोर्डाचं पोर्ट उघडलं की सिरियल पोर्टची डीटीआर ही संकेत-तार हलते, बोर्ड रीसेट होतो आणि घाईने पाठवलेली पहिली आज्ञा वाया जाते.

‘जीपीआयओसाठी (बोर्डावरच्या चालू-बंद करायच्या पिनांसाठी) सिसएफएसमधल्या फाइलींत एको कमांडने आकडा लिहिला की झालं.’ ही पद्धत केव्हाच कालबाह्य ठरवली गेली आहे. लिनक्स ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासून, ‘जीपीआयओचिप’ हे कॅरेक्टर डिव्हाइस (डेव्हमधली उपकरणाची फाइल) आहे, आणि त्यावर लाइन, म्हणजे एक पिन, मागायची तीही आयऑक्टलनेच. प्रोग्राम मध्येच बंद पडला तर कर्नल ती लाइन सोडवतो. जुन्या पद्धतीत ती तशीच अडकून राहायची. मात्र सुटल्यावर पिनची पातळी काय राहील याची हमी नसते, म्हणून हाय सिग्नलवर चालू होणारा रिले जोडला असेल तर पिन लो ठेवणारा पुल-डाउन रेझिस्टर लावाच.