जुन्या नाशिकला विद्यापीठाचा एक तुकडा तरी द्या

कुंभमेळा जवळ आला की जुन्या नाशिकचं काय करायचं यावर चर्चा सुरू होते. घाट, रस्ते, पूल, लायटिंग, आणि मग साधू गेले, गर्दी ओसरली की मेन रोड, भद्रकाली, तिळभांडेश्वर, सराफ बाजार सगळं परत जिथल्या तिथं. २०२७ च्या निमित्तानं परत तेच चाललंय म्हणून एक मुद्दा मांडतोय, ज्यावर आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही. गावठाणाला पर्यटकांपेक्षा जास्त गरज आहे ती रोज येणाऱ्या, तिथं राहणाऱ्या, तिथंच जेवणाऱ्या तरुण पोरापोरींची. आणि ती पोरं कुठून येतात? कॉलेजातून, विद्यापीठातून.

आता बघा, नाशिकमध्ये राज्याची दोन विद्यापीठं आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चं. एक गंगापूर धरणाजवळ, दुसरं दिंडोरी रोडला म्हसरूळला. पुणे विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्रासाठी जागा मिळाली ती शिवनईला, म्हणजे थेट दिंडोरी तालुक्यात. जुन्या नाशिकच्या मध्यातल्या रविवार कारंजावरून यातल्या कुठंही चालत जाता येत नाही, आणि तिथं काम असलेल्या माणसाला रविवार कारंजावर यायचं काही कारणही नाही. विद्यापीठ म्हणजे शेकडो एकर, असंच आपण धरून चालतो, आणि एवढी सरकारी जमीन गावाबाहेरच मिळणार. सोलापूरचं केगावला, जळगावचं बांभोरीला, सगळीकडं हीच गोष्ट.

पण नुसतं अंतर मोजून उपयोग नाही, आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपली दोन्ही विद्यापीठं अशी आहेत की त्यांच्या आवारात रोज वर्गात बसणारे विद्यार्थी फारसे नसतातच. मुक्त विद्यापीठाचं ब्रीदच 'ज्ञानगंगा घरोघरी', त्यांचे लाखो विद्यार्थी राज्यभर पसरलेले, नोकरी करून, शेती करून, घर सांभाळून शिकणारे, आणि खूप मोठं काम आहे ते, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. आरोग्य विद्यापीठाला राज्यभरातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग कॉलेजं जोडलेली, त्यामुळं विद्यार्थी त्या त्या कॉलेजात. म्हणजे उद्या कुणी ही दोन्ही ऑफिसं उचलून शालिमारला आणून ठेवली तरी काय येईल? स्टाफ, फाइली आणि गाड्या. संध्याकाळी साडेपाच-सहाला सगळं बंद. त्यानं बाजार जागा होत नाही.

बाजार कशानं जागा होतो ते बघायला लांब जायला नको, कॉलेज रोडला या. एचपीटी कॉलेज १९२४ चं, पुढं आरवायके, बीवायके, सगळं एकाच आवारात, आणि त्या कॉलेजमुळंच त्या रस्त्याचं नाव कॉलेज रोड. तिकडं गंगापूर रोडला केटीएचएम. आज शहरातलं कॅफे, क्लास, कपडे, मोबाईल, वडापाव, जे काही तरुण आहे ते या पट्ट्यात आहे. कुणी तिथं विकासाची योजना राबवली नव्हती हो, पोरं होती म्हणून दुकानं आली, दुकानं आली म्हणून रात्री दहापर्यंत उजेड राहिला आणि उजेड आहे म्हणून मुली बिनधास्त फिरतात. आणि त्याच काळात मेन रोडवरून एकेक गिऱ्हाईक तिकडं सरकत गेलं. मेन रोड पडायला फक्त कॉलेजं कारणीभूत असं मी म्हणत नाही, सिडको वाढलं, इंदिरानगर वाढलं, मॉल आले, गाड्या आल्या आणि गावठाणात गाडी लावायला जागा नाही, हे सगळं आहेच. पण तरुण ज्या बाजूला, शहर त्या बाजूला सरकतं, एवढं तर डोळ्यांसमोर घडलंय.

पुण्याचंही तसंच. विद्यापीठ गणेशखिंडीत चारशेहून जास्त एकरांवर, पेठांपासून चांगलंच लांब. तरी सदाशिव पेठ, नारायण पेठ विद्यार्थ्यांनी भरलेल्या का? कारण एसपी कॉलेज टिळक रोडला, फर्ग्युसन नदीपलीकडं, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, गल्लीगल्लीत मेस आणि अभ्यासिका. माझी भाची पुण्याला शिकायला गेली तेव्हा एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहिली, आजीबाईंना भाडं मिळायचं, खालच्या काकूंना डब्याचे पैसे मिळायचे, आणि वाडा अजून उभा होता कारण त्यातून चार पैसे येत होते म्हणून त्याची डागडुजी होत होती. आपल्याकडं वाड्यांना पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून नोटिसा लागतात आणि मग एखाद्या रात्री भिंत पडते.

विद्यापीठाचं ठिकाण बदललं की गाव बदलतं का, यावर अमेरिकेतलं फिनिक्स शहर अभ्यासण्यासारखं आहे. तिथल्या राज्याचं विद्यापीठ, अॅरिझोना स्टेट, शेजारच्या टेम्पी गावात. फिनिक्सचा मध्यभाग ऑफिस सुटलं की ओस पडायचा. २००६ मध्ये तिथल्या मतदारांनी चक्क मतदान करून २२.३ कोटी डॉलरचं कर्ज काढायला संमती दिली आणि विद्यापीठाचा एक कॅम्पस शहराच्या मध्यात आणला. सगळं विद्यापीठ नाही हं, टेम्पी तसंच राहिलं. नर्सिंग, लोकप्रशासन, पत्रकारिता असे विभाग आले, म्हणजे ज्यांना हॉस्पिटल, सरकारी कचेऱ्या, वर्तमानपत्रं जवळ हवीत असे. २०१६ मध्ये लॉ स्कूलही आलं. मधल्या काळात २००८ ला लाइट रेल, म्हणजे शहरातल्या शहरात धावणारी हलकी रेल्वे, सुरू झाली, त्याचा वाटा मोठा आहे, त्यामुळं सगळं श्रेय विद्यापीठाला देता येणार नाही. पण पोरं आली म्हणून तिथं संध्याकाळ आली, एवढं नक्की. अमेरिकेतच, पण दुसऱ्या टोकाला, जॉर्जिया राज्यातल्या सवाना नावाच्या जुन्या शहरात १९७८ ला निघालेल्या एका खासगी आर्ट कॉलेजनं तर एकेक रिकामी जुनी इमारत घेऊन दुरुस्त करून त्यात वर्ग भरवले, पहिली इमारत जुन्या लष्करी पथकाची होती. तो धडा आपल्या वाड्यांच्या गावासाठी जास्त जवळचा आहे.

आता लगेच कमेंटमध्ये येणार की गावठाणात जागा कुठंय. पूररेषेचं काय, २००८ ला, २०१६ ला, २०१९ ला सराफ बाजारात पाणी शिरलेलं विसरलात का. विसरलो नाही. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नेहमी पाणी शिरतं त्या पट्ट्यात, काही करा असं मी म्हणतच नाहीये. आणि वाडे घ्या असंही लगेच म्हणत नाही, कारण एकेका वाड्याला दहा-पंधरा वारस, खाली जुन्या भाड्याचे भाडेकरू, कोर्टात केस, त्यात विद्यापीठानं हात घातला तर पाच-दहा वर्षं कागदातच जातील. सुरुवात सरकारी आणि महापालिकेच्या इमारतींपासून करा. पटसंख्या घसरलेल्या शाळा आहेत, दुपारनंतर कुलूप लागलेल्या खोल्या आहेत, वीज-पाण्याची सोय आहे. तिथं काय आणायचं? मुक्त विद्यापीठाची संपर्क सत्रं, म्हणजे शनिवार-रविवारी सबंध जिल्ह्यातून येणारे विद्यार्थी, मोठी अभ्यासिका आणि विद्यार्थी मदत केंद्र. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याहून एसटीनं येणाऱ्या पोराला सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून चालत जाता आलं पाहिजे, धरणाकडं जाणारी बस शोधत बसायला नको. पुणे विद्यापीठाच्या उपकेंद्राचे इतिहास, मराठी, पर्यटन, वास्तुरचना असे विषय असतील तर त्यांची जागा शिवनईच्या माळावर कशाला, सरकारवाडा इथं, १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय इथं, काळाराम इथं, घाट इथं. आरोग्य विद्यापीठानं पंचवटीत एखादं प्रशिक्षण केंद्र आणि बाह्यरुग्ण विभाग चालवावा, गणेशवाडीत आयुर्वेद कॉलेज आहेच, त्याला जोड मिळेल.

भीती एकच आहे आणि ती खरी आहे. विद्यार्थी आले की भाडी वाढतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कासार, तांबट, शिंपी, फुलवाले, छोटे दुकानदार यांना आधी बाहेर पडावं लागतं. सवानामध्येही कॉलेजमुळं घरं महागली अशी तक्रार आहे. म्हणून मेस, डबे, खोल्या हे काम आधी तिथल्याच घरांना मिळेल आणि भाडेकरूला दुरुस्तीच्या नावाखाली हाकलता येणार नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला पाहिजे. माझे काका भद्रकालीत दुकान चालवायचे, वह्या-पेनांचं, त्यांना गिऱ्हाईक हवं होतं, दुकान विकायचं नव्हतं. तिथल्या बहुतेकांचं आजही तेच म्हणणं आहे.

पार्किंगचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. मध्यात पोरं आणायची तर गाड्या आणायच्या नाहीत, हे ठरवूनच करावं लागेल. महापालिकेची सिटीलिंक बससेवा २०२१ पासून चालू आहे, विद्यार्थी पास आहे, सीबीएसवरून रात्री साडेनऊपर्यंत सगळ्या बाजूंना बस मिळेल एवढी फेऱ्यांची हमी दिली तरी पुष्कळ होईल.

कुंभमेळ्याच्या कामांत घाटांना, रस्त्यांना मोठा निधी चाललाय. त्यातून निदान एक बंद पडलेली शाळा दुरुस्त करून ती २०२७ मध्ये यात्रेकरूंच्या निवाऱ्याला वापरावी आणि मेळा संपल्यावर लगेच अभ्यासिका आणि संपर्क केंद्र म्हणून विद्यापीठाकडं द्यावी, हा प्रस्ताव महापालिका आणि विद्यापीठ दोघांना पटण्यासारखा आहे. इथं वाचणाऱ्यांपैकी कुणी विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) असेल, नगरसेवक असेल, महापालिकेच्या शिक्षण विभागात असेल, तर कमेंटमध्ये किंवा मेसेजमध्ये सांगा, गावठाणातल्या कुठल्या शाळा सध्या रिकाम्या आहेत आणि त्यातल्या पूररेषेच्या बाहेर कुठल्या. यादी जमली की निवेदन लिहून घेऊन आयुक्तांकडं जायला मी तयार आहे.