रोमबाहेरच्यांची लॅटिन

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून महाराष्ट्रातल्या मित्रांशी होणारे माझे बोलणे दोनच मुद्द्यांवर येऊन अडते : मराठी किती जुनी, आणि खरी मराठी कोणाची. उत्तर इटलीतल्या पादोवा शहरात बसून हे ऐकताना मला वाटते की पहिला प्रश्न आता निकालात निघाला आहे आणि दुसरा मुळातच चुकीचा आहे. जिच्या अभिजातपणाविषयी युरोपात कोणी शंका घेत नाही, त्या लॅटिनच्या थोर लेखकांची जन्मगावे पाहू लागलो, तर खुद्द रोममध्ये जन्मलेला म्हणून ज्युलिअस सीझरखेरीज नाव चटकन सुचत नाही.

लॅटिन साहित्याची सुरुवात इ.स.पू. २४० पासून मोजतात. कार्थेजशी चाललेले पहिले मोठे युद्ध नुकतेच संपले होते, आणि त्या वर्षी रोममध्ये लॅटिन नाटक सादर करणारा लिव्हिअस अँड्रोनिकस हा ग्रीक होता. टेरेन्स आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला. त्याने अल्पायुष्यात लिहिलेल्या सहा नाटकांची भाषा पुढे शतकानुशतके शाळांतून नमुना म्हणून शिकवली गेली. वक्ता सिसेरो अर्पिनमचा, कवी व्हर्जिल उत्तरेकडच्या मांतुआच्या परिसरातला, कवी होरेस दक्षिणेतल्या व्हेनुसियाचा आणि त्याचे वडील तर गुलामगिरीतून मुक्त झालेले. सेनेका आणि मार्शल स्पेनचे.

आमच्या पादोवाचा लिव्ही याने रोमचा इतिहास १४२ खंडांत लिहिला, त्यांतले ३५ आज उरले आहेत. तरीही आसिनिअस पोलिओ या समकालीन लेखकाने त्याच्या लेखनातून पादोवा डोकावते असा टोमणा मारलाच. (वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाने लिहिणाऱ्यांना हा टोमणा अनोळखी वाटू नये.) पुढे याच शहरात सापडलेला एक शिलालेख लिव्हीच्या कबरीचा म्हणून भक्तिभावाने जपला गेला, नीट वाचल्यावर तो लिव्हिअस हालिस नावाच्या, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या एका माणसाचा निघाला. येथील जुन्या न्यायसभागृहात तो अजूनही आहे, आणि मला तो खोटा ठरल्याचे मुळीच वाईट वाटत नाही.

अर्थात रोमने या परगावच्यांना पायघड्या घातल्या असे नव्हे. इ.स.पू. ४३ मध्ये सिसेरोला ठार करून त्याचे मस्तक आणि हात सभाचौकातल्या व्यासपीठावर टांगण्यात आले. पुढच्या वर्षी रोमन यादवीतली फिलिपीची लढाई झाली; तीत होरेस हरलेल्या बाजूने लढला, आणि जिंकणाऱ्यांनी आपल्या सैनिकांना वाटण्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या, ज्यांत मांतुआकडच्याही होत्या. व्हर्जिलच्या पहिल्या गोपकाव्यात मेलिबिअस शेळ्या हाकत गाव सोडतो, तेव्हा आपण पेरलेले आता एक शिपाई कापणार हे दुःख त्याच्या तोंडी येते. कवी ऑव्हिडला सम्राट ऑगस्टसने इ.स. ८ मध्ये काळ्या समुद्राकाठी तोमिसला धाडले; रोमच्या नगरपरिषदेने ही शिक्षा रद्द केली ती २०१७ साली. भाषेचा मान राखणारी सत्ता त्या भाषेत लिहिणाऱ्याचा मान राखतेच असे नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत फारशी येत नाही.

इटलीतही वाद आहेतच. जानेवारी २०२५ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी माध्यमिक शाळेत लॅटिन ऐच्छिक विषय म्हणून परत आणण्याचे जाहीर केले, तेव्हा ही प्रतिष्ठितांची हौस आहे, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. मला त्यांचे म्हणणे अर्धेच पटते, कारण वर सांगितलेल्यांपैकी निम्मे तरी प्रतिष्ठितांच्या घरचे नव्हते.

मात्र लॅटिनचे गुणगान करताना एक हिशेब मांडावाच लागतो. आद्य महाकवी एनिअस म्हणे की आपल्याला तीन हृदये आहेत, कारण आपल्याला ग्रीक, ऑस्कन आणि लॅटिन येतात. त्यांतल्या ऑस्कनचे, म्हणजे दक्षिण इटलीतल्या जुन्या भाषेचे, आज शिलालेख आणि पोम्पेईच्या भिंतींवरची अक्षरे तेवढी उरली आहेत. साहित्य काही नाही. परगावच्यांना सामावून घेणाऱ्या लॅटिनने त्यांच्या घरच्या भाषा गिळल्या. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल मराठी शाळेत येते तेव्हा त्याच्या भाषेचे काय करायचे, हा विषय अभिजात दर्जाच्या आनंदात माझ्या एकाही मित्राने काढलेला नाही.