'क्लिक वाजला की टॉर्क बरोबर' म्हणणाऱ्यांनी जरा इकडे या

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय, छोट्या कारखानदारांच्या जवळपास सगळ्या ग्रुपवर पोचलाय. मथळा 'टॉर्क टेस्टर : मालकांना लुटायचा नवा धंदा'. टॉर्क म्हणजे नट-बोल्ट आवळताना लागणारा पिळाचा जोर, आणि टेस्टर म्हणजे तो मोजणारं मीटर. खाली मुद्दे : क्लिकवाला टॉर्क रेंच (लावलेल्या टॉर्कला टक वाजणारा पाना) असेल तर वेगळं मीटर लागत नाही, एअर गनचं (हवेच्या दाबावर नट आवळणाऱ्या यंत्राचं) काम त्याच रेंचनं तपासता येतं, मीटर दर वेळी वेगळा आकडा दाखवतं म्हणजे मीटरच बोगस, घरचा स्प्रिंग काटा पुरतो, वर्षाचं कॅलिब्रेशन (माप खरं आहे का याची पडताळणी) हा लॅबवाल्यांचा बनाव, आणि शेवटी ते नेहमीचं 'अनुभवी हाताला मीटर लागत नाही, जास्तीत जास्त मालकांना पाठवा'. फिरू दे म्हणून सोडून दिलं असतं, पण माझा भाचा चाकणला एका व्हेंडरकडे असेंब्लीला क्वालिटी बघतो, त्यानं टेस्टरसाठी टाकलेली मागणी त्याच्या मालकानं हा मेसेज पुढे पाठवून बाजूला ठेवली आणि वर 'मामाला विचार' असं लिहिलं. विचारलंय ना, मग ऐका.

सगळ्यात घातक मुद्दा दुसरा, म्हणून आधी तोच घेतो. मेसेज म्हणतो, गननं नट आवळा, मग त्याच आकड्याला लावलेला क्लिक रेंच त्यावर ठेवून ओढा, नट न हलता क्लिक वाजला की गन ओके. हे वाचून माझं डोकंच फिरलं, कारण ही पद्धत खरोखर शेकडो ठिकाणी चालते आणि वर हिरवा मार्कर मारून माल पुढे जातो.

विचार करा. गनला 60 न्यूटन-मीटर (टॉर्क मोजायचं एकक) पाहिजे, गन मारतेय 95. आता 60 ला लावलेला रेंच त्या नटावर ठेवला तर काय होईल? नट हलणार नाही, क्लिक वाजणार, तुम्ही म्हणणार ओके. गननं 120 मारला तरी ओके. बोल्ट ताणून त्याचा जीव गेलेला असला तरी ओके, कारण 60 पेलायला तेवढा जीव अजून आहे. परीक्षेत 35 च्या वर आहे का एवढंच बघायचं आणि मार्क किती ते विचारायचंच नाही, तसला हा प्रकार. जास्त आवळलेलं या पद्धतीनं कधीच सापडत नाही आणि एअर गनचा रोग बहुतेक वेळा जास्त आवळण्याचाच असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमधले आटे जातात, गॅस्केट चिरडतं, बोल्ट लांबतो, आणि हे सगळं लाईनवर दिसत नाही, गिऱ्हाईकाकडे गेल्यावर दिसतं. पंक्चरवाला इम्पॅक्ट गननं चाकाचे नट ठोकतो आणि मग गिऱ्हाईकाला दाखवायला टॉर्क रेंचनं टक टक करतो ना, तोही हाच खेळ, फक्त तिथे निदान कुणी त्याला क्वालिटी म्हणत नाही.

बरं, कमी आवळलेलं तरी सापडतं का, तर तेही धड नाही. थांबलेला नट परत हलवायला चालू नटापेक्षा जास्त जोर लागतो, घर्षण असतं ते. त्यामुळे 55 ला थांबलेला नट 60 च्या क्लिकला जागचा हलेलच असं नाही. म्हणजे वरचं दिसत नाही आणि खालचंही अर्धवट, आणि याला म्हणे तपासणी.

गन तपासायची तर मोजणारं काहीतरी गन आणि सॉकेटच्या मध्ये पाहिजे. रोटरी ट्रान्सड्यूसर (फिरता टॉर्क-सेन्सर) तेच करतो, आत शाफ्टवर स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते टिपणाऱ्या पट्ट्या) चिकटवलेले असतात, शाफ्ट किती पिळला जातोय ते गन फिरत असतानाच मोजलं जातं. किंवा टेबलावर स्थिर ट्रान्सड्यूसर आणि त्यावर जॉइंट सिम्युलेटर (खऱ्या नट-बोल्टच्या जोडाची नक्कल), म्हणजे बोल्ट-नट आणि मध्ये बशीसारख्या स्प्रिंगच्या चकत्या. चकत्यांची मांडणी बदलली की जॉइंट कडक किंवा मऊ होतो.

आणि इथेच मेसेजचा 'मीटर दर वेळी वेगळा आकडा दाखवतं' हा मुद्दा निकालात निघतो. आकडा वेगळा येतो ही गोष्ट खरी आहे, पण दोष मीटरचा नाही. लोखंडावर लोखंड अशा कडक जॉइंटला नट टेकल्यापासून 30 अंशांच्या आत पूर्ण टॉर्क येतो, तेवढ्यात गनचा रोटर काही थांबत नाही, त्याच्या फिरण्याचा जोर वर चढतो आणि टॉर्क ठरलेल्याच्या पुढे जातो. मध्ये रबर किंवा गॅस्केट असेल तर तोच टॉर्क यायला एक-दोन पूर्ण फेरे लागतात, तिथे तीच गन त्याच सेटिंगला कमी मारते. आयएसओ 5393 नावाचं स्टँडर्ड गन कडक आणि मऊ अशा दोन्ही जॉइंटवर चालवून बघायला लावतं ते याचसाठी. तेव्हा सिम्युलेटर तुमच्या जॉबसारखा लावा, एका झटक्याच्या आकड्यावर न जाता 25 वेळा मारा, सरासरी आणि पसारा दोन्ही बघा, आणि कंप्रेसरचं प्रेशर लाईनवर असतं तेच ठेवा. दुपारी सगळी मशीन चालू असताना प्रेशर पडतं तेव्हा गन वेगळी वागते आणि सकाळी सात वाजता, इतर मशीन बंद असताना, वेगळी, हे कुठल्याही ऑपरेटरला विचारा. फक्त ठोकणारी इम्पॅक्ट गन साध्या ट्रान्सड्यूसरवर लावू नका, आकडा तर बोंबलतोच, ट्रान्सड्यूसरही जातो.

आता क्लिक. क्लिक म्हणजे आतल्या स्प्रिंगचा आवाज, तो टॉर्क मोजत नाही. स्प्रिंग जिथे लावलीय तिथे ती सुटते. रेंच वरच्या आकड्याला लावून कपाटात टाकला, त्यानंच नट सोडवले, कुणी तो हातोड्यासारखा वापरला (वापरतात), तरी क्लिक छानच वाजतो, फक्त भलत्याच आकड्याला. आणि हा रेंच मीटरवर तपासताना मीटर 'फर्स्ट पीक'वर, म्हणजे क्लिकच्या क्षणाचा पहिला उच्चांक पकडणाऱ्या सेटिंगवर, ठेवा. साध्या पीकवर (सगळ्यात मोठा आकडा पकडणाऱ्या सेटिंगवर) ठेवून क्लिकनंतरही ओढत राहिलात तर मीटर तुमच्या हाताचा जोर दाखवेल, रेंचचा नाही. मीटर बोगस म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक इथेच चुकत असणार अशी माझी पक्की शंका आहे.

वर्षाच्या कॅलिब्रेशनबद्दल मात्र मला थोडं मान्य करावं लागतंय, नाइलाजानं. 12 महिने हा काही कायदा नाही, आणि टूल न उघडता, न बघता सर्टिफिकेट छापून देणारे लोक बाजारात आहेत, सगळ्यांना माहीत आहे. पण मेसेज ज्या आयएसओ 6789 ला शिव्या देतो ते त्यानं वाचलेलंच नाही. पहिली गोष्ट, ते हातानं चालवायच्या टॉर्क टूलचं स्टँडर्ड आहे, गनचं नाहीच. दुसरी, त्यात लिहिलंय की तुमची स्वतःची तपासणीची पद्धत नसेल तर 12 महिने किंवा 5000 वेळा वापर, जे आधी होईल ते. हे '5000' मेसेजमधून सोयीस्कर गायब आहे! समजा एका जॉबला चार बोल्ट आणि शिफ्टला 200 जॉब, तर दिवसाला 800, म्हणजे तो रेंच सातव्या दिवशी 5000 पार. वर्ष कुठे घेऊन बसलात? स्वतःचं मीटर असेल तर मुदत स्वतः ठरवता येते, म्हणजे लॅबचा खर्च कमी करायचा रस्ता नेमका टेस्टरमधूनच जातो. त्याच स्टँडर्डप्रमाणे सेटिंगच्या क्लिक रेंचला 10 न्यूटन-मीटरच्या वर साधारण अधिक-उणे 4 टक्के सूट आहे, तपासायचं कमाल आकड्याच्या 20, 60 आणि 100 टक्क्यांवर, आधी कमाल आकड्याला पाच वेळा ओढून मग. एका आकड्यावर एकदा ओढून 'ओके' लिहिलेला कागद कुणी दिला तर परत करा.

स्प्रिंग काटा? जोर गुणिले लांबी म्हणजे टॉर्क, शाळेतलं गणित आहे आणि बरोबर आहे. 40 सेंटीमीटरवर 15 किलो ओढलं की जवळपास 59 न्यूटन-मीटर. पण काटा काटकोनातून 30 अंश कलला की 13 टक्के गेले, लांबी मोजताना एक सेंटीमीटर चुकलं की अडीच टक्के, आणि सूट किती, तर 4. रेंच साफच बिघडलाय का हे घरी बघायला ठीक आहे, ऑडिटरसमोर ठेवू नका. आणि गनला काटा कुठे अडकवणार ते मेसेजवाल्यानं सांगितलेलं नाही.

'6 किलो-मीटर म्हणजे 60 न्यूटन-मीटर, एकच' असंही मध्ये घुसडलंय (हे अंतराचं किलोमीटर नाही, एक मीटर लांबीवर 6 किलोचा जोर). 58.8 होतात. सूट 4 टक्के, त्यातले 2 गणितातच उडवलेत.

अनुभवी हाताबद्दल एवढंच बोलतो. नट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच बोल्टला खरा ताण देतो, बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. आट्याला तेल लागलं की तोच हात, तोच जोर, आणि ताण भलताच वाढलेला. खरं तर हे मीटरलाही दिसत नाही, म्हणून तर बोल्ट कोरडा की तेलकट हे ड्रॉइंगवर ठरवायचं असतं. पण मीटरलाही जे दिसत नाही ते हाताला दिसतं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मी माझ्या स्कूटरचं चाकही देणार नाही.

बाकी ज्याला पैशाचीच अडचण आहे त्यानं शेडच्या गल्लीतल्या चार जणांत मिळून एक टेस्टर घ्यावा, फक्त ट्रान्सड्यूसरची रेंज बघून. 500 न्यूटन-मीटरच्या ट्रान्सड्यूसरवर 8 न्यूटन-मीटरचा स्क्रूड्रायव्हर तपासू नका, आणि टेस्टर स्वतः दर वर्षी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबला पाठवा, त्यालाही कॅलिब्रेशन लागतं.